विश्लेषण : मोटारहोमच्या चाकावरचा चकचकीत नट किती आवळायचा?

अमेरिकेत सुट्टीसाठी मोटारहोम भाड्याने घेणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या कमी नाही. या गाड्यांची मागची चाके आरशासारखी चमकतात. ही चमक बहुतेक वेळा चाकाची नसते, तर साध्या पोलादी डिस्कवर बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पातळ कव्हरची असते. त्यावर दिसणारे नटही बरेचदा शोभेचेच असतात. शोभेचा नट कोणता आणि चाक धरून ठेवणारा कोणता, हे माहीत नसेल तर पाना चुकीच्या ठिकाणी लागतो. तो महागात पडू शकतो.

दिसतात ते नट खरे असतात का?

अमेरिकेतील अनेक मध्यम आकाराची मोटारहोम फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर बांधलेली असतात. तिला मागे दोन्ही बाजूंना दुहेरी चाके असतात आणि प्रत्येक चाकाला ८ बोल्ट. कव्हरवरही ८ नट दिसतात. मात्र प्रचलित प्रकारच्या कव्हरमध्ये यांतील बहुतेक नट म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेल्या टोप्या असतात. मोजकेच, अनेकदा दोनच, खरोखर आटे असलेले धातूचे नट असतात. चाकाच्या मुख्य नटातून बाहेर आलेल्या बोल्टच्या टोकावर ते बसतात. त्यांचे काम एकच, कव्हर धरून ठेवणे. काही उत्पादक असे नट ओळखू यावेत म्हणून त्यांवर खूण करतात. खोट्या टोपीला पाना लावून जोर केला, तर ती फिरत नाही, तुटते.

मग चाक कोण धरते?

कव्हरखालचे मुख्य नट. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे डिस्क हबवर दाबून बसते. मात्र पान्याला लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहा टक्केच हा ताण निर्माण करायला लागतो. बाकीचा आट्यांमधल्या आणि नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात जातो. म्हणून ‘हाताला घट्ट लागला’ हा अंदाज फसवा ठरतो. ई-४५० साठी फोर्डने सांगितलेला टॉर्क १४० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १९० न्यूटन-मीटर आहे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जवळपास ३९ किलोंचा भार दिल्यासारखा हा जोर असतो. तो टॉर्क रेंचनेच मोजावा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. मोठ्या मोटारहोमचे आकडे वेगळे असतात. त्यामुळे आपल्या गाडीची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

शोभेचा नट किती आवळावा?

तो आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवावा, मग हातपान्याने बेताने घट्ट करावा. कव्हरसोबतच्या पत्रकात टॉर्क दिला असेल तर तोच पाळावा. मुख्य नटाचा आकडा इथे लावू नये. गॅरेजमधली हवेची गन तर नकोच. जास्त जोर लागला की पातळ पत्रा वाकतो, भोकापाशी चिरतो किंवा नटाचे आटे जातात. आणखी एक धोका म्हणजे नट जाम होतो. रस्त्यात टायर पंक्चर झाल्यावर कव्हरच निघाले नाही, तर मदतीला आलेला मेकॅनिकही अडकतो.

नट गंजून चिकटू नये म्हणून काही जण त्याला ग्रीससारखे वंगण लावतात. इथे सावध राहावे. मुख्य नट काढता-घालताना याच बोल्टच्या टोकावरून जातो. आटे बुळबुळीत असतील तर त्याच टॉर्कला बोल्टवर प्रमाणाबाहेर ताण येतो. त्यामुळे मुख्य नट बसवण्याआधी बोल्टचे टोक पुसून स्वच्छ करावे. पुस्तिकेत सांगितले असेल तेवढाच अपवाद.

सैल राहिला तर काय बिघडते?

सुरुवात खडखडाटाने होते. पुढे कव्हर चाकावर किंचित फिरू लागते. दुहेरी चाकांतील आतल्या टायरमध्ये हवा भरण्यासाठी व्हॉल्व्हला जोडलेली नळी कव्हरच्या भोकातून बाहेर काढलेली असते. फिरणाऱ्या कव्हरची कड तिच्यावर घासली की ती कापली जाऊ शकते आणि आतल्या टायरची हवा जाते. बाहेरचा टायर शाबूत दिसत असल्याने चालकाला ते लगेच कळत नाही. सगळा भार एकट्या बाहेरच्या टायरवर येतो आणि तो तापतो.

तपासणी केव्हा करावी?

मागे दुहेरी चाके असलेल्या नव्या गाडीत मुख्य नट १०० मैलांवर म्हणजे सुमारे १६० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० मैलांवर आवळावेत, असे फोर्डची पुस्तिका सांगते. चाक काढून बसवले तरीही थोड्या प्रवासानंतर फेरतपासणी हवीच. कव्हर चढवलेले असेल तर नटांभोवतीचे गंजाचे ओघळ किंवा सरकलेला नट दिसत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाआधी कव्हर उतरवून पाहावे. क्रम असा : आधी कव्हर काढायचे, मुख्य नट टॉर्क रेंचने तपासायचे, व्हॉल्व्हची नळी मोकळी आहे ना ते पाहायचे आणि मगच कव्हर चढवून त्याचे नट बेताने आवळायचे. कव्हरच्या पट्ट्या मुख्य नटाखाली दाबायचा प्रकार असेल, तर मुख्य नटांची फेरतपासणी अधिकच गरजेची.

महाराष्ट्रात याचा संबंध काय?

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर कॅराव्हॅन बांधल्या जातात आणि चाकांवर चकचकीत कव्हर लावण्याची हौसही जुनी आहे. गाडी ताब्यात घेताना टीव्ही, फ्रिज आणि पलंग पाहिले जातातच. त्यासोबत ‘कव्हर काढून मुख्य नट शेवटचे कधी तपासले?’ हेही मालकाला विचारावे.