रक्तदाबाचे औषधेतर नियमन : मुंबईतील एका जुन्या प्रयोगाच्या निमित्ताने

देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे नाव बहुतेक वाचकांना जननदर, बालमृत्यू, कुटुंबनियोजन अशा विषयांच्या संदर्भात परिचित असेल. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम आहे, आणि या पाहणीच्या चौथ्या फेरीपासून, म्हणजे २०१५-१६ पासून, घरोघरी जाणारे तिचे कार्यकर्ते प्रश्नावलीबरोबर रक्तदाब मोजण्याचे यंत्रही नेऊ लागले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील व्यक्तींचा दाब मोजला गेला. ज्यांचा दाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, अथवा जे त्यासाठी गोळ्या घेत होते, अशांचे प्रमाण स्त्रियांत शेकडा २१.३ व पुरुषांत शेकडा २४ इतके निघाले. मुंबई महानगरपालिका व जागतिक आरोग्य संघटना यांनी २०२१ साली याच शहरात १८ ते ६९ वर्षे वयाच्या लोकांची जी पाहणी केली, तीत हे प्रमाण शेकडा ३४ आढळले. वयोमर्यादा भिन्न असल्यामुळे या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु घराघरांत या विकाराचा एखादा तरी धनी असावा, एवढे त्यांवरून दिसते.

या मंडळींपैकी बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो : गोळी न घेता हा दाब उतरेल काय? या प्रश्नाला दोन उत्तरे सर्रास दिली जातात. एक, योगासने व पथ्य यांनी सर्व काही होते. दुसरे, गोळीवाचून काहीच होत नाही. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्ही चूक आहेत. खरा प्रश्न ‘किती’ हा आहे. कोणत्या उपायाने दाब किती मिलिमीटर उतरतो, आणि त्यातील किती भाग त्या उपायाचा व किती अन्य कारणांचा, हे मोजल्यावाचून या वादाला अर्थ नाही.

प्रथम मोजमापाविषयी. देवनारच्या संस्थेच्या पाहणीत प्रत्येकाचा दाब तीनदा, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोजला जातो. हे काम करणाऱ्याला कंटाळवाणे वाटत असेल, पण त्याला सबळ कारण आहे. रक्तदाब ही उंचीसारखी स्थिर गोष्ट नव्हे. जिना चढून आल्यावर, चहा घेतल्यावर, तंबाखूची चिमूट तोंडात असताना, मूत्राशय भरलेले असताना, किंवा परका मनुष्य हाताला पट्टा बांधतो आहे एवढ्यानेही तो वर जातो. पहिले मोजमाप बहुधा सर्वांत चढे असते; तिसऱ्यापर्यंत मनुष्य स्थिरावतो. म्हणजे काहीही उपचार न करता, केवळ खुर्चीवर बसवून ठेवल्याने दाब काही मिलिमीटर उतरतो. यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. उपचारासाठी आपण ज्यांना निवडतो ते त्या दिवशी चढा आकडा आलेले लोक असतात. त्यांतील काहींचा आकडा केवळ त्या दिवसापुरता चढलेला असतो, आणि महिन्याभराने तो आपोआप खाली येतो. या काळात त्यांनी जे काही घेतले असेल, मग ते दुधीचा रस असो वा मंतरलेले पाणी, त्याला यशाचे श्रेय मिळून जाते.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून मुंबईतच झालेल्या एका प्रयोगाकडे वळू. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली शवासनावरील आपले निष्कर्ष ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. शवासनाची ख्याती तोवर योगाश्रमांपुरती होती. ते रुग्णालयात आणून पाऱ्याच्या नळीसमोर उभे करण्याचे धैर्य या मंडळींनी दाखविले. एकूण ४७ रुग्णांना उताणे निजून, स्नायू सैल सोडून, संथ लयीत श्वास घेण्याचा व नाकपुडीशी होणाऱ्या श्वासाच्या स्पर्शाकडे लक्ष ठेवण्याचा अभ्यास शिकविण्यात आला. कोणतेही औषध न घेणारे १० रुग्ण होते. त्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. सरासरी दाब म्हणजे खालच्या दाबात वरच्या व खालच्या दाबांतील अंतराचा तृतीयांश मिळवून येणारा आकडा. उदाहरणार्थ १८६ वर १०८ असा दाब असेल तर सरासरी १३४ येते, आणि १४५ वर ८८ असेल तर १०७. उतार किती मोठा होता याची यावरून कल्पना येईल. औषधांनी ज्यांचा दाब आधीच काबूत होता अशा २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची गरज मूळच्या सुमारे तृतीयांशावर आली. औषध घेऊनही दाब न उतरणाऱ्या १५ जणांत मात्र यश बेताचे होते. त्यांतील सहा जणांचेच औषध लक्षणीय प्रमाणात घटविता आले.

हे निष्कर्ष उत्साहवर्धक होते यात संशय नाही. परंतु चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावयाचे, एकाला शवासन शिकवावयाचे व दुसऱ्याला तितक्याच वेळा बोलावून नुसते पडून राहावयास सांगावयाचे, अशी योजना या प्रयोगात नव्हती. त्यामुळे उतरलेल्या २७ मिलिमीटरांपैकी शवासनाचे किती आणि वर सांगितलेल्या आपोआप होणाऱ्या उताराचे किती, हे त्यावरून ठरविता येत नाही.

ही उणीव सहा वर्षांनी इंग्लंडमध्ये भरून निघाली. तेथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ३४ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी यौगिक शिथिलीकरणाला शरीराच्या प्रतिसादाचे मापन रुग्णालाच दाखविणाऱ्या उपकरणाची जोड दिली होती, आणि गट चिठ्ठ्या टाकून केले होते. शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा दाब १६८ वर १०० होता, तो १४१ वर ८४ झाला. नियंत्रित गटाचा १६९ वर १०१ होता, तो १६० वर ९६ झाला. या दुसऱ्या गटाला काहीही शिकविलेले नव्हते, तरी त्याचा वरचा दाब ९ मिलिमीटरांनी उतरला! पहिल्या गटातील २७ मधून हे ९ वजा केले पाहिजेत. उरतात ते सुमारे १८, आणि तेवढेच शिथिलीकरणाचे. पुढे त्या दुसऱ्या गटालाही तोच अभ्यास शिकविला, तेव्हा त्याचाही दाब पहिल्याच्या बरोबरीने खाली आला. माझ्या मते या साऱ्या विषयातील अत्यंत शिकण्याजोगा आकडा तो २७ नव्हे, हा ९ होय. त्यानंतरच्या काळात योगाभ्यासावर झालेल्या अनेक नियंत्रित चाचण्या एकत्र घेतल्या तर निव्वळ लाभ वरच्या दाबात ५ मिलिमीटरांच्या आसपास भरतो.

पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. औषधांच्या मोठ्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून वरचा दाब ५ मिलिमीटरांनी उतरविल्यास हृदयविकार, पक्षाघात इत्यादी गंभीर घटना सुमारे दहा टक्क्यांनी घटतात असे दिसून आले. मात्र ज्याचा दाब १८० आहे त्याला हे पाच पुरणार नाहीत, हेही तितकेच उघड आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. ‘औषधाविना’ या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘ॲलोपॅथीच्या गोळीविना’ असा घेतात, आणि एखादे मुळीचे चूर्ण निर्धास्तपणे सुरू करतात. रक्तदाबाच्या आधुनिक औषधांच्या इतिहासातील एक पहिले पानच मुळी एका मुळीचे आहे, आणि तेही मुंबईचेच. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या उपयोगाची चिकित्सा प्रसिद्ध केली आणि त्या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले, या कार्याबद्दल १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन पुढे जगभर वापरले गेले, व त्याने काही रुग्णांना गंभीर विषण्णता येते हेही ध्यानात आले. सर्पगंधा हे औषध आहे; झाडापासून आले म्हणून ते पथ्य ठरत नाही.

आता मिठाकडे वळू. औषधेतर उपायांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मिठाच्या बाबतीत. रक्तातील सोडियमचे प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळते. मीठ जास्त पोटात गेले की ते सौम्य करण्यासाठी पाणी धरून ठेवले जाते, तहान लागते, रक्ताचे आकारमान वाढते, आणि जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला अधिक दाबाची गरज भासते. तरुण व निरोगी मूत्रपिंड हे काम सहज उरकते. वय वाढले, किंवा घराण्यातच तशी प्रवृत्ती असली, की तेवढ्याच मिठासाठी दाब चढा ठेवावा लागतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात ३२ देशांतील ५२ ठिकाणी दहा हजारांहून अधिक लोकांचे चोवीस तासांचे मूत्र तपासले गेले; भारतातून दिल्ली व लडाख ही ठिकाणे होती. ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा दाब ९५ वर ६१ च्या आसपास निघाला, व तो वयाबरोबर वाढतही नव्हता. अरण्यातील जीवन अन्य अनेक बाबतींत निराळे असते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु २००१ साली अमेरिकेतील ४१२ लोकांना ठरावीक अन्न प्रत्यक्ष पुरवून केलेल्या चाचणीत, फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर असलेला आणि कमी मिठाचा आहार घेतल्यावर, तेथील नेहमीच्या भरपूर मिठाच्या आहाराच्या मानाने, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब ११.५ मिलिमीटरांनी कमी भरला. हा उतार एका गोळीच्या तोडीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभर मिठाची आहे. भारतीय मनुष्य सुमारे ८ ते ११ ग्रॅम खातो असे निरनिराळे अभ्यास सांगतात. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यात तयार झालेल्या अन्नातून येते. आपल्याकडे ते मुख्यत्वे स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून पडते. ताटात वरून मीठ न घेणे हे पथ्य त्यामुळे आपल्याकडे फारसे फळत नाही. ते आधीच आमटीत, कणकेत व भातात असते. त्यातच पापड, लोणचे, फरसाण यांची भर पडते. देवनारपासून जवळच असलेल्या ट्रॉम्बे कोळीवाड्यासारख्या वस्त्यांत सुक्या मासळीचा प्रश्न येतो. खारवलेल्या मासळीत मीठ हेच टिकविण्याचे साधन असते. बोंबील मात्र पुष्कळदा नुसते उन्हात वाळवितात. म्हणून ‘सुकी मासळी बंद’ असे सरसकट न सांगता, कोणती खारवलेली व कोणती केवळ वाळवलेली हे विचारून सल्ला दिला पाहिजे. गरिबाच्या जेवणातील स्वस्त प्रथिन काढून घेणे हा उपचार नव्हे.

वजन व व्यायाम यांविषयी थोडक्यात सांगता येईल. वजन एक किलोने उतरले की वरचा दाब साधारण एका मिलिमीटरने उतरतो. नियमित भरभर चालण्याने उच्च दाबाच्या माणसात ५ ते ८ मिलिमीटरांचा लाभ होतो. गोवंडी-देवनारच्या अरुंद बोळांत व मालमोटारींच्या रस्त्यांवर रोज अर्धा तास कोठे चालावे, याचे उत्तर डॉक्टरापेक्षा नगररचनाकाराने देणे अधिक उचित. मद्य कमी केल्यानेही दाब उतरतो. हे सारे लाभ एकमेकांत मिळविता येतात, परंतु बेरीज पूर्ण होत नाही. दोन उपायांनी पाच-पाच उतरत असतील तर दोन्ही मिळून दहा उतरतीलच असे नाही.

मग गोळी सुटते काय? काहींची सुटते, आणि ती कशी सोडावी हेही तपासले गेले आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ६० ते ८० वर्षे वयाचे, एकाच औषधावर दाब काबूत असलेले रुग्ण घेतले होते. प्रथम मीठ व वजन घटविण्याचे शिक्षण दिले, त्यानंतर देखरेखीखाली औषध बंद करण्याचा प्रयत्न केला. वजन जास्त असलेल्यांपैकी ज्यांनी दोन्ही गोष्टी केल्या, त्यांचा दाब पुन्हा चढण्याचा, औषध पुन्हा सुरू करावे लागण्याचा अथवा हृदयविकारासारखी घटना घडण्याचा संभव, इतरांच्या मानाने निम्म्याहून किंचित कमी होता. येथे क्रमाला महत्त्व आहे : आधी आहार बदलला, मग गोळी थांबविली, आणि थांबविल्यावर दाब मोजत राहिले. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो. आकडा सुधारला की गोळी बंद होते, आणि ज्या गोळीमुळे तो सुधारला होता तिच्या अभावी तो गुपचूप पुन्हा चढतो; उच्च रक्तदाब दुखत नाही, हीच त्यातील अडचण आहे.

स्वयंपाकघरातील मीठच बदलावे, ही कल्पना अलीकडे मोठ्या प्रमाणावर अजमावली गेली. उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर हा प्रयोग झाला. ज्यांना पूर्वी पक्षाघात झालेला होता, किंवा ज्यांचे वय साठ वा अधिक असून दाब चढा होता, असे हे लोक होते. अर्ध्या खेड्यांना शेकडा ७५ सोडियम क्लोराइड व २५ पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. या पद्धतीत कोणाला चव सोडावी लागत नाही, आणि वेगळे पातेलेही चढवावे लागत नाही. असे मीठ आपल्याकडेही दुकानांत मिळते. परंतु ज्याचे मूत्रपिंड अशक्त आहे, किंवा जो पोटॅशियम शरीरात धरून ठेवणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. मधुमेहाने ज्यांचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असते त्यांपैकी पुष्कळांना ते ठाऊकही नसते. म्हणून असे मीठ घरात आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारताना केवळ रुग्णाबद्दल विचारून भागत नाही. त्या एका पातेल्यातून जेवणाऱ्या प्रत्येकाबद्दल विचारावे लागते.