पेन्शनच्या टेबलावर निवृत्तांची खुर्ची

मागच्या वेळी आपण पेन्शनचा निधी कसा उभा राहतो ते पाहिलं. आज प्रश्न वेगळा आहे: तो निधी सांभाळणाऱ्या मंडळावर बसतं कोण?

आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी महाराष्ट्र पोलिसात लागलेल्यांची पेन्शन सरकारी तिजोरीतून येते. वेगळा निधीच नाही, मग मंडळ कुठलं? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मात्र शिकागो सोडून बाकीच्या बहुतेक शहरांत पोलिसांचा एक आणि अग्निशमन दलाचा एक असे स्वतंत्र निधी आहेत. नोकरीतला पोलीस पगाराच्या 9.91 टक्के त्यात भरतो, उरलेलं नगरपालिका घालते. आणि बऱ्याच ठिकाणी या लोकांना सोशल सिक्युरिटीचा आधार नसतो. म्हणजे म्हातारपणी जे काही आहे ते हेच.

पोलिसांच्या स्थानिक मंडळावर पाच माणसं असतात. दोन महापौर नेमतो, दोन नोकरीतले पोलीस निवडून देतात आणि एक निवृत्तांमधून निवडून येतो. एकच! पण ती खुर्ची का हवी, तर नोकरीतल्या माणसाला युनियन आहे, पुढचा पगारवाढीचा करार आहे. निवृत्ताच्या हातात यातलं काही उरलेलं नसतं. अर्थात निवडून आला की त्यालाही सगळ्याच सभासदांच्या हिताचा विश्वस्त म्हणून मत द्यावं लागतं, फक्त आपल्या वयाच्या लोकांसाठी नाही. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण लोक तेच विसरतात.

आता 2019 सालाकडे येऊ. सुमारे 650 छोटे निधी, प्रत्येकाचे सल्लागार वेगळे, खर्च वेगळा, परतावा तोकडा. गव्हर्नर प्रिट्झकर यांनी डिसेंबरमध्ये कायद्यावर सही केली आणि गुंतवणुकीचं काम दोन राज्यस्तरीय निधींकडे गेलं, एक पोलिसांचा, एक अग्निशमन दलाचा. पोलिसांच्या नव्या मंडळावर नऊ सदस्य, त्यांत निवृत्तांचे दोन. गणित केलं तर वाटा पाचात एकवरून नऊत दोन झाला, म्हणजे किंचित वाढलाच की! पण गावातला निवृत्त हवालदार ज्याला बाजारात गाठून जाब विचारू शकत होता, तो माणूस आता पैशांच्या निर्णयात नाही.

याच मुद्द्यावर काही स्थानिक निधी आणि सभासद कोर्टात गेले. इलिनॉयच्या 1970 च्या राज्यघटनेत पेन्शनचे लाभ कमी करता येणार नाहीत असं स्पष्ट कलम आहे, आणि 2015 मध्ये त्याच कलमावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा पेन्शन-कायदा रद्दही केला होता. यांचं म्हणणं असं, की गुंतवणुकीवरचं आमचं नियंत्रण, आमचं मत, हाही लाभच आहे. जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. ठरलेली पेन्शन मिळणं हा लाभ. गुंतवणूक कोणी करायची यातला आवाज त्या दर्जाचा नाही.

निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो. तरी आम्हाला त्यात एक खटकतं: पेन्शनची रक्कम घटनेने सुरक्षित, पण ती ज्या निर्णयांवर उभी आहे त्यांतला आवाज कायदेमंडळ हवं तेव्हा हलवू शकतं.

स्थानिक मंडळं मात्र बंद झालेली नाहीत, बरं का. कामावर जखमी झालेल्याला अपंगत्वाची पेन्शन द्यायची की नाही, हे अजून तिथेच ठरतं. त्या सुनावणीला निवृत्तांचा तो एक प्रतिनिधी आजही बसतो.