लागली गळाला, सोडली पाण्याला!

चार फूट लांब, दहा-पंधरा किलो वजनाचा मासा. तो मिळावा म्हणून माणसं रजा काढतात, पहाटे उठून होडी पाण्यात लोटतात, दिवसदिवस गार वारा अंगावर घेतात आणि बहुतेक वेळा हात हलवीत घरी येतात. कधीतरी नशिबाने मासा लागलाच, तर काय करतात? एक फोटो काढतात आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतात! ‘एवढा आटापिटा केला आणि साधं कालवणसुद्धा नाही?’ असं आपल्यापैकी कुणीही विचारील. अमेरिकेतल्या ‘मस्की’ नावाच्या माशाची ही गोष्ट. आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट खरं तर एका ‘बाई’ची आहे, बरं का!

मस्कीचं पूर्ण नाव मस्केलंज. हे नाव आलं ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरची मोठमोठी सरोवरं, सेंट लॉरेन्स नदी, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांतले तलाव हे तिचं माहेर. विस्कॉन्सिनने तर 1955 साली मस्कीला राज्याचा मासा म्हणून मान दिला. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि त्यात सुईसारखे दात. साधी दोरी ती सहज तोडते, म्हणून गळाच्या अलीकडे तारेचा तुकडा जोडावा लागतो. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा कुठे एक मस्की लागते, असं तिकडे गमतीने म्हणतात.

खरं तर मस्कीची सवय पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसण्याची. पण उन्हाळा चढला की मोठ्या मस्की काठ सोडून मधल्या मोकळ्या, खोल पाण्यात जातात. कारण एकच, पोट! तिथे सिस्को नावाचे रुपेरी, चरबीदार मासे थव्याने फिरत असतात. त्यांना गारवा लागतो म्हणून ते खोल पाण्यात राहतात आणि त्यांच्या मागे मस्की येते. ती तळाशी बसत नाही. साठ फूट पाणी असेल तर वरच्या वीस-पंचवीस फुटांत, थव्याच्या आजूबाजूला अधांतरी तरंगत राहते.

अशा पाण्यात तिला शोधायचं कसं? तिथे ना खडक, ना झाड, ना कसली खूण. मग होडी ताशी पाच-सात किलोमीटरच्या वेगाने चालवायची आणि मागे फूटभर लांबीचे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे खोटे मासे ओढत न्यायचे. याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. तासन्तास नुसतं ओढत राहायचं. मध्येच काठी धनुष्यासारखी वाकली आणि रीळ करकरलं, की समजायचं, आली!

आता मुद्द्याचं. खोल पाण्यातल्या या मोठ्या मस्की जवळजवळ सगळ्या माद्या असतात. नर तेवढा वाढत नाही आणि तेवढा जगतही नाही. मादीला वयात यायला पाच-सहा वर्षं लागतात आणि चार फुटांपलीकडे जायला बारा-पंधरा वर्षं. अशी मोठी मादी एका वसंतात लाखाच्या वर अंडी देऊ शकते. त्यातली पिल्लं होऊन मोठी होणारी अगदी मोजकीच. अंड्यांना आणि पिल्लांना राखायला कुणी नसतं, ज्याने त्याने आपला जीव वाचवायचा. म्हणजे तलावातला वंश टिकायचा तर या थोरल्या आया टिकायला हव्यात. आणि माणसाला हवी असते नेमकी तीच, सगळ्यात मोठी!

पूर्वी सोडण्याबिडण्याची भानगड नव्हती. 1955 च्या जुलैत मिनेसोटाच्या लीच लेकमध्ये कडक उकाड्याच्या दिवसांत मस्की अचानक गळाला लागत सुटल्या. लोकांनी ढिगाने मासे धरले, ओळीने टांगले आणि पुढे उभं राहून फोटो काढले. ते फोटो आजही तिकडे कौतुकाने दाखवतात. पण सूज्ञ लोकांच्या हळूहळू लक्षात आलं, की असंच चाललं तर पुढे टांगायला काही उरायचं नाही. 1966 साली मिनेसोटातच ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ ही हौशी लोकांची संस्था निघाली आणि ‘धरा, पण सोडा’ हा विचार तिने गावोगाव नेला. सरकारी खात्यांनी तलावात पिल्लं सोडली. कायदाही कडक झाला. मिनेसोटात 2015 पासून बहुतेक ठिकाणी साडेचार फुटांपेक्षा लहान मस्की घरी नेता येत नाही. त्याआधी ही मर्यादा चार फुटांची होती.

सोडणं म्हणजे मात्र नुसतं पाण्यात टाकून देणं नव्हे. त्याचीही एक रीत आहे. मोठ्या, मऊ जाळीत मासा पाण्यातच ठेवायचा. लांब चिमट्याने गळ काढायचा, निघत नसेल तर कात्रीने गळच तोडायचा. उचलायचाच झाला तर तान्ह्या बाळासारखा, पोटाखाली हात देऊन आडवा. कल्ल्याला धरून उभा लोंबकळवायचा नाही. मग शेपटीला धरून पाण्यात उभं राहू द्यायचं, तिचं तिला बळ आलं की ती जाते. पाणी 27 अंशांच्या आसपास तापलं की जाणती मंडळी मस्कीच्या वाटेलाच जात नाहीत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यात झुंजून दमलेली मस्की पोहत गेलेली दिसते खरी, पण नंतर मरते. फार खोलातून झटकन वर आणली तर पाण्याच्या दाबातला फरकही तिला बाधतो.

एवढं करूनही कधी यश येत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये मिनेसोटाच्या मिल लॅक्स तलावात पावणेपाच फुटांवर लांब आणि 25 किलोंहून जड अशी मस्की लागली. धरणाऱ्याने तिला परत पाठवण्याची खूप खटपट केली, पण ती सावरली नाही. शेवटी ती काट्यावर गेली आणि 1957 पासूनचा राज्याचा विक्रम मोडला. विक्रम झाला, पण आई गेली.

आता आणखी एक नवी गोष्ट आली आहे. गेल्या काही वर्षांत होडीवर असा सोनार बसवता येतो, की समोरच्या पाण्यातला मासा पडद्यावर हलताना दिसतो. तो गळाकडे वळला की नाही, हेसुद्धा! मोकळं खोल पाणी ही मस्कीची लपायची जागा होती. कायदा नसतानाही तिथे ती सुरक्षित होती, कारण कुणाला दिसतच नव्हती. आता तो पदर ओढला गेला. म्हणूनच या यंत्रावर तिकडे जोराचा वाद चालू आहे. काही म्हणतात, शिकणं सोपं झालं. काही म्हणतात, मग मर्यादा तरी घाला. ती दिसते म्हणून धरायचीच का, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतले हौशी लोक, त्यांना जमतं. इथे पोटाचा प्रश्न आहे. खरंच आहे ते. गळाला लागलेला मासा सोडून द्या, असं आपल्या कोळणीला किंवा धरणावर जाळं टाकणाऱ्याला कोण सांगणार? पण विषय आपल्या स्वयंपाकघरापासून फार लांबचा नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की ओढ्या-नाल्यांतून वलगणीचे मासे चढू लागतात. ते चढतात अंडी घालायला. गाभोळी भरलेली असते म्हणून ते चवीला लागतात आणि म्हणूनच हातोहात संपतात. समुद्रातली यांत्रिक मासेमारी पावसाळ्यात बंद ठेवतात, ती याचसाठी. 2023 साली महाराष्ट्र सरकारने समुद्रातल्या 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवून दिली. पण कायदा बंदरावर उभा राहतो, बाजारात पाटीसमोर आपण उभ्या असतो. बोटभर पापलेटाची पिल्लं आपणच ‘स्वस्त मिळाली गं’ म्हणून घेतो ना?

गाभोळीला नाही म्हणणं सोपं नाही, जिभेला तर नाहीच नाही. निदान वलगणीचे पहिले चार दिवस तरी ‘आज नको मावशी’ म्हणता येईल. त्या चार दिवसांत वर चढलेल्या माशांची पिल्लं पुढे वर्षभर आपल्याच नदीत वाढायची आहेत.