बंब कुठे हरवला?

गोष्ट रेल्वे स्थानकात सुरू होते. रोजच्या गर्दीतला एक प्रवासी अचानक आतून पेट घेतो आणि पाहता पाहता ज्वाळांचा राक्षस होतो. वर्दी मिळताच आठव्या तुकडीचं अग्निशमन पथक येतं. पथकात एक तरुण जोगीणही आहे. तिने प्रार्थना म्हटल्याशिवाय त्या जळत्या देहाच्या गाभ्यावर शेवटचा घाव घालायचा नाही, असा दंडक आहे. कारण समोर राक्षस दिसत असला तरी घटकाभरापूर्वी तो कुणाच्या तरी घरचा माणूस होता. पंचवटी एक्स्प्रेससाठी नाशिक रोडच्या फलाटावर रोज उभं राहणाऱ्याला ही पानं नुसती मजा म्हणून वाचता येणार नाहीत.

अत्सुशी ओकुबो यांची ‘फायर फोर्स’ ही जपानी चित्रकथा सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०२२ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आली. ३०४ प्रकरणं, ३४ खंड. नायक शिनरा कुसाकाबे याच्या पायांतून आग निघते आणि तिच्या जोरावर तो उडतो. लहानपणी घराला लागलेल्या आगीत त्याची आई गेली आणि ठपका त्याच्यावर आला. त्यात भर म्हणजे मनावर ताण आला की त्याचा चेहरा आपोआप हसरा होतो. लोकांना तो सैतान वाटतो, त्याला मात्र लोकांचे प्राण वाचवायचे असतात.

मला या कथेत सर्वांत जवळचा वाटतो तो आठव्या तुकडीचा कॅप्टन ओबी. भोवती सगळे आगीशी खेळणारे, आणि याच्याकडे कसलीही शक्ती नाही. व्यायामाने कमावलेलं शरीर, संरक्षक पोशाख आणि हातातली अवजारं एवढ्यावर तो सर्वांच्या पुढे आत शिरतो. ओकुबोंना अग्निशमन दलाचा जवान कळला आहे, याची खात्री मला ओबीमुळे पटते.

असाकुसा या टोकियोतल्या जुन्या वस्तीची प्रकरणंही अशीच अस्सल आहेत. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, घरं लाकडाची आणि पाणी अपुरं. अठराव्या शतकात तिथे वस्तीवस्तीच्या अग्निशमन टोळ्या उभ्या राहिल्या. आगीच्या वाटेतली घरं आधीच पाडायची, म्हणजे ती पुढे सरकत नाही, अशी त्यांची रीत. टोळीचं निशाण, ‘मातोई’, घेऊन एक जण छपरावर उभा राहायचा. सातव्या तुकडीचा बेनिमारू याच मातोईला हत्यार करतो. इतिहास कथेत मुरवावा तो असा.

कथेतल्या टोकियोला वीज पुरवणारं अमातेरासू हे केंद्रही असंच मनात रुततं. ते एका जिवंत माणसाच्या अखंड जळण्यावर चालतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या पाहत मोठ्या झालेल्या वाचकाला, दिव्यामागे कोण जळतंय, हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण मग तामाकी येते. ही शूर जवान तरुणी जिथे तिथे घसरून पडते, कपडे निसटतात, आणि ते विनोद म्हणून खपवलं जातं. ऐन लढाईत, जीव टांगणीला लागलेला असताना हे येतं, तेव्हा मला लेखकाचा राग येतो. तिच्या धैर्याची कथा लिहायची ताकद त्यांच्यात होती.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. उत्तरार्धात आग विझवायला कुणी उरतच नाही. पंथ, परलोक, जगबुडी आणि आगीने आगीशी मारामारी. शेवट ओकुबोंच्याच आधीच्या ‘सोल ईटर’च्या जगाला जाऊन मिळतो. चित्रं थक्क करणारी आहेत, पण बंब, होज, शिडी सगळं मागे पडतं. धूर तर जवळजवळ नाहीच. खऱ्या आगीत ज्वाळांआधी बहुतेकदा धूरच जीव घेतो. म्हणून जवान जमिनीलगत सरपटत, पाठीवर हवेची टाकी घेऊन, जोडीदाराचा माग ठेवत आत जातो. नाशिक रोडला तर त्याआधी बिटको चौकातल्या वाहनांतून बंब काढायचा असतो. या कामात थरार कमी आहे का?

आपल्याकडचंच पाहा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटलं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही. जवान पाणी मारत राहिले आणि जहाजाचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासातील आगीने मुंबईचे अग्निशमन प्रमुख सुनील नेसरीकर आणि त्यांचे सहकारी हिरावून नेले. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता. त्यानंतर चारच महिन्यांनी जपानमध्ये ओबी पहिल्यांदा छापला गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, तरी ओबीचं पान उघडलं की मला नेसरीकर आठवतात.

जुलै २०१९ मध्ये ‘फायर फोर्स’ची अॅनिमेशन मालिका सुरू झाली आणि त्याच महिन्यात क्योतोतल्या एका अॅनिमेशन स्टुडिओला कुणीतरी आग लावली. ३६ जण मृत्युमुखी पडले. मालिकेचा तिसरा भाग तेव्हा पुढे ढकलला गेला. ते योग्यच झालं. कुणी मुलांसाठी ही कथा मागितली, तर तामाकीबद्दल आधी बोलून मी असाकुसापर्यंतचे खंड देईन. पुढचे खंड त्यांनी हवे तर स्वतः शोधावेत.