आधी हात, मग वही

आम्ही यवतमाळचे लोक पऱ्हाटीत वाढलेले. लोकरीशी ओळख एवढीच, की उन्हाळ्यात वावरात मेंढ्या बसवतात. म्हणून लोकर पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी डोकं कापसाचंच लावलं, आणि फसलो.

कापूस कितीही ओला करून चोळा, त्याचं कापड होत नाही. त्याला सूत काढावं लागतं. लोकरीचं तसं नाही. तिच्या प्रत्येक केसावर कौलांसारखे खवले असतात, तोंडं टोकाकडे. कोमट साबणपाण्यात चोळलं की केस मुळाच्या दिशेने पुढे सरकतो, मागे येऊ पाहतो तर खवले अडतात. न विणता गच्च पट तयार होतो. जुन्या मराठीत त्याला बुरणूस म्हणत.

असा पट करायचा तर पिंजलेली लोकर पातळ पसरा: एक थर उभा, त्यावर आडवा, पुन्हा उभा. वर मच्छरदाणीचा तुकडा टाका, साबणपाणी शिंपडा. आधी फक्त तळव्याने दाबायचं. घाई करून चोळलं की थर सरकतात, मध्ये भोक पडतं. जरा धरल्यासारखं वाटलं की गोल गोल चोळा, मग चटईत गुंडाळून लाटा, दर खेपेला दिशा बदलून. चिमटीत केस उचलून पाहा. एकटा सुटून आला तर अजून लाटा. दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती वेळ खाते.

एवढा वेळ हात ओले, पेन धरता येत नाही. लिहायला बसण्याआधी नेमकं हेच हवं असतं: हात गुंतलेले, मन मोकळं. जात्यावर बसलेल्या बायांचेही हात मोकळे नसत, तरी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या चमूने गोळा केलेल्या ओव्या लाखावर आहेत.

तर चोळायला बसताना मनात एकच प्रश्न घ्या: कालचं काय अजून टोचतंय? उत्तर शोधू नका, हात चालू द्या. हात पुसले की 15 मिनिटं सलग लिहा, खोडू नका. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना असंच चार दिवस लिहायला लावलं होतं. मनातलं कठीण लिहिणाऱ्यांना लगेच उदास वाटलं; पण पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा लिहून झाल्यावर थोडं जड वाटलं तर घाबरू नका.

पट वहीच्या कव्हराला वापरायचा असेल तर लोकर चारही बाजूंनी बरीच मोठी पसरा, आखडते फार. माझा पहिला तुकडा निम्म्याच वहीला पुरला. तो तसाच शिवलाय.