पंधरा फूट कुठून मोजायचे?

  सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्यांची लेक शिकागोजवळ राहते. घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी तळघरात. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर मात्र वरच्या मजल्यावर, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या सॉकेटला लावलेला. ‘वायू जिथं तयार होतो तिथं यंत्र नको का? आणि धुराचा डिटेक्टर छताला असतो, मग हा इतका खाली कसा?’

उंचीचं आधी उरकतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार 28, हवेचा सरासरी 29च्या आसपास. त्यामुळे हा वायू छताला जाऊन बसत नाही की जमिनीवर साचत नाही. खोलीतल्या हवेत मिसळून सगळीकडे पोचतो. आपला गोंधळ होतो तो एलपीजीमुळे. त्यातला प्रोपेन 44, ब्युटेन 58, दोन्ही हवेपेक्षा जड. म्हणून सिलिंडरच्या गळतीचा सेन्सर जमिनीलगतच हवा. मोनॉक्साइडचं यंत्र किती उंच लावायचं ते त्याच्या सूचनापत्रकात असतं, तसं लावावं. पडद्यामागे किंवा कपाटाआड मात्र नको.

खरी गंमत अंतरात आहे. शिकागोनं 1994 मध्ये हे यंत्र सक्तीचं केलं, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत सगळ्यांत आधी. नियम होता झोपायच्या खोलीपासून 40 फुटांच्या आत. त्याच डिसेंबरात हवेच्या वरच्या उबदार थरानं शहराचा धूर खालीच कोंडून धरला, घरोघरची यंत्रं वाजायला लागली आणि अग्निशमन दलाची धावपळ उडाली. पुढे यंत्रांचं मानकच सुधारावं लागलं. न्यूयॉर्क शहरानं 2004 मध्ये 15 फूट ठरवले, इलिनॉय राज्यानं 2007 पासून तेवढेच. मॅसॅच्युसेट्समध्ये बेडरूमच्या दारापासून 10 फूट, शिवाय राहत्या प्रत्येक मजल्यावर एक यंत्र. तिथल्या कायद्याला ‘निकोल्स लॉ’ म्हणतात. प्लिमथ गावात 2005च्या जानेवारीत बर्फ साचून एका घराच्या हीटिंगचा धूर बाहेर सोडणारी वाट बुजली आणि सात वर्षांची निकोल गेली.

आकडे वेगवेगळे, पण टेप सगळे धरतात ती बेडरूमपासून. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून उठून बाहेर तरी येईल. झोपलेल्याला ते कळतच नाही, त्याला कुणीतरी उठवावं लागतं. यंत्राचा आवाज 10 फुटांवर 85 डेसिबल असावा लागतो. मधे दोन मजले आणि बंद दार आलं, तर त्यातला कानापर्यंत किती पोचणार? शिवाय वायूची चाहूल लागताच ते वाजतं असंही नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग वायू असला, तर ते 1 ते 4 तासांनी वाजतं. 400 असला, तर 4 ते 15 मिनिटांत. रक्तात किती भिनलं असेल, त्यावर हा हिशेब बेतलेला आहे. तेव्हा लेकीचं यंत्र अगदी योग्य जागी आहे. त्याच्या मागे मुदत छापलेली असते, ती मात्र तिला बघायला सांगा.

इंग्लंडमध्ये टेप दुसऱ्या टोकाकडून धरतात. बॉयलर किंवा शेकोटी ज्या खोलीत, त्याच खोलीत यंत्र, आणि बांधकामाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे उपकरणापासून 1 ते 3 मीटरवर. भाड्याच्या घरांत ऑक्टोबर 2022 पासून गॅस बॉयलरही या सक्तीखाली आला; स्वयंपाकाची गॅस शेगडी तेवढी वगळली. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे यंत्र हवं, आणि एकच परवडत असेल तर बेडरूमजवळचं.

आपल्याकडच्या बाथरूममधल्या गॅस गिझरला मात्र यातलं एकही माप लागू पडत नाही. एवढीशी खोली, हिवाळ्यात खिडकी लावून घेतलेली, आणि माणूस ज्योतीपासून हातभर अंतरावर. आत यंत्र लावलं तर वाफेनं बिघडेल. बाहेर लावलं तर बंद दारापलीकडे वायू पोचेपर्यंत आतला माणूस शुद्ध हरपलेला असेल. इथं डिटेक्टरवर विसंबूच नये. गिझर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी उघडी हवा म्हणून धरू नये.