बंध आणि गुण : रसौषधींच्या अहवालांचे वाचन

नांदेड व लातूर परिसरातील वैद्यबांधव आणि औषधनिर्माते यांच्याशी चर्चा होते तेव्हा एक प्रश्न आमच्यापुढे हमखास येतो : प्रयोगशाळेच्या अहवालात पारदाचा आकडा आला, तर कल्प विषारी समजावा काय? डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. त्याचे उत्तर केवळ आकड्यात नसून ते मूलद्रव्य कोणाशी व कोणत्या बंधाने जोडलेले आहे यात आहे.

बंधांचे तीन प्रकार

सैंधवात सोडियमचा अणू इलेक्ट्रॉन देतो व क्लोरीनचा अणू तो घेतो. विरुद्ध भारांच्या आकर्षणातून आयनिक बंध निर्माण होतो. म्हणून सैंधव कठीण पण ठिसूळ असते, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळते, पाण्यात मात्र सहज विरघळते.

खडीसाखर व कापूर यांतील अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात. हा सहसंयुज बंध होय. रेणूच्या आत तो बळकट असतो, परंतु कापराच्या रेणूरेणूंमधील आकर्षण क्षीण असल्याने कापूर उघडा ठेवताच उडून जातो.

ताम्र, वंग, लोह यांत इलेक्ट्रॉन सर्व अणूंच्या सामाईक मालकीचे असतात. चकाकी, वर्धनीयता व विद्युत्वाहकता हे गुण या धातुबंधाचेच फळ होय. मारणानंतर हे गुण लोपतात, कारण धातुबंध तुटून नवा बंध जुळलेला असतो. पूर्वाचार्यांची अपुनर्भव परीक्षा हेच तपासते. ताम्रभस्म दह्यात ठेवल्यावर हिरवट झाल्यास ते अपक्व मानतात. त्यातील ताम्र आम्लात सुटून त्याचे क्षार बनू लागले, असा त्याचा रासायनिक अर्थ आहे.

एकच पारद, भिन्न स्वभाव

पारद व गंधक यांच्या मर्दनाने कज्जली होते. तिच्यातील पारदाचे काळे सल्फाइड वालुकायंत्रात ऊर्ध्वपातन पावून लाल रससिंदूर बनते. दोन्हींत पारद व गंधक यांचा संयोग तोच, मांडणी मात्र वेगळी. काळ्या रूपात प्रत्येक पारद-अणूभोवती चार गंधक-अणू असतात, तर लाल रूपात दोघांच्या सर्पिल साखळ्या असतात. ही अखंड जाळी वा साखळी पाणी सहजासहजी फोडू शकत नाही. म्हणून दोन्ही रूपे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत.

याउलट रसकर्पूरात पारद क्लोरीनशी जोडलेला असतो. त्यातील मर्क्युरिक क्लोराइडचे रेणू सुटे व लहान असतात; १०० मिलिलिटर पाण्यात त्याचे सुमारे ७ ग्रॅम विरघळतात आणि ते तीव्र विष आहे. अहवालात दोन्ही ठिकाणी ‘पारद’ एवढेच लिहिलेले असेल, परंतु रुग्णाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अविद्राव्य म्हणजे निर्विष, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मात्रा, सेवनकाल व रुग्णाची वृक्कस्थिती यांनुसार अल्प शोषणही महत्त्वाचे ठरते. अपुऱ्या मर्दनाने कज्जलीत मुक्त पारद शिल्लक राहिला, तर धोका आणखी वाढतो. पारद, हिंगुळ, रसकर्पूर, हरताळ ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील विषद्रव्यांच्या अनुसूचीत आहेत. त्यांनी युक्त औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच सेवन करण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. औषधविक्रेत्यांनी असे कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत.

पाणी व साठवण

आपल्या भागात दुसरीही काळजी आवश्यक आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईत कूपनलिकेवर भिस्त राहते आणि असे जड पाणी उकळले की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. अशा पाण्यात यवक्षार काढल्यास पाण्यातील क्लोराइड व सल्फेट गाळण्यातून निसटून क्षारात उतरतात. म्हणून क्षारनिर्मितीस ऊर्ध्वपातित जलच वापरावे. यवक्षार हवेतील ओलावा ओढून घेतो; तो पावसाळ्यापूर्वीच घट्ट बुचाच्या काचपात्रात भरावा.

निर्मात्यांस विनंती

अणुशोषण परीक्षणाने केवळ मूलद्रव्याचे एकूण प्रमाण कळते. त्याचे संयुग व स्फटिकरूप क्ष-किरण विवर्तनाने उमगते. रसकल्पाच्या प्रत्येक घाणीचे नमुने पाठवताना दोन्ही परीक्षणे मागावीत, शिवाय मुक्त पारदाची तपासणी करवून घ्यावी व तिन्ही अहवाल घाणीच्या नोंदीस जोडून ठेवावेत. रुग्ण वा निरीक्षक प्रश्न विचारतील तेव्हा परंपरेचा केवळ हवाला देण्याऐवजी हे कागद पुढे ठेवता येतील.